नावेतली छोटी जखम

घुग्घुसच्या लगत वर्धा नदी वाहते. पलीकडच्या काठाला यवतमाळ जिल्ह्याचा वणी तालुका लागतो. थोडे खाली वढ्याला पैनगंगा येऊन वर्धेला मिळते. संगम, नदीचे पात्र, काठावरचे पक्षी, मासेमारी दाखवण्यासाठी शाळेची सहल नदीवर नेण्याचा मोह कोणत्याही शिक्षकाला होईल. समजा, अशीच एक सहल निघाली आहे. नाव पात्राच्या मध्यावर आहे आणि सहावीतल्या एका मुलाचा तळहात नावेच्या कडेच्या खिळ्याने कापला. जखम दोन-तीन सेंटिमीटरची आहे, पण रक्त भळभळा वाहते आहे. बाकीची मुले घाबरून एका बाजूला सरकू लागली आहेत. अशा वेळी काय करावे?

घरी असे झाले असते, तर नळ होता, दिवा होता, शेजारी होते, दवाखाना होता. नावेत यांपैकी काहीच नाही. सगळीकडे पाणी आहे, पण ते जखमेच्या कामाचे नाही. हात ओले आहेत, बैठक हलते आहे आणि मदत मिळायला वेळ लागणार आहे. हा वेळ वर्धेवर तासा-दोन तासांचा असेल. गडचिरोली जिल्ह्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा तो काही दिवसांचा होतो. समुद्रावर तर आठवडेही जातात. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसे करणारे ते पहिले भारतीय. वाटेतल्या दोन बंदरांमधला काळ अनेक आठवड्यांचा होता. त्या काळात बोट कापले असते तरी पट्टी बांधणारे दुसरे कोणी नव्हते. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये नौदलाचे अभिलाष टॉमी यांची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली. जगभरातून हालचाली होऊनही त्यांच्यापर्यंत फ्रेंच जहाज पोहोचले ते तिसऱ्या दिवशी.

मदत जितकी दूर, तितकी पहिली काही मिनिटे महत्त्वाची. सुदैवाने छोट्या जखमेच्या बाबतीत या मिनिटांत करायच्या गोष्टी थोड्या आणि सोप्या आहेत. मात्र त्या का करायच्या हे समजले नाही, तर आपण नेमके उलटे करून बसतो. म्हणून त्यामागचे विज्ञान पाहू.

आधी नाव, मग जखम

शिडाच्या बोटीवर कोणाला दुखापत झाली, की आधी बोट सांभाळतात. शीड आवरून ती शक्य तितकी स्थिर करतात आणि मगच जखमेकडे वळतात. आपल्या डोंग्यालाही हाच नियम लागू आहे. नावाड्याने वल्हे सोडू नये. मुलांनी जागच्या जागी बसावे. जखमी मुलाला नावेच्या तळाशी मध्यावर बसवावे. रक्त पाहून अनेकांना भोवळ येते आणि कडेला उभे असलेले मूल पाण्यात पडले, तर छोट्या जखमेची मोठी आपत्ती होते.

पहिली दहा मिनिटे

त्वचा कापली, की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या लगेच आकसतात. मग रक्तातल्या रक्तपट्टिका, म्हणजे प्लेटलेट, कापलेल्या कडेला चिकटू लागतात. निरोगी माणसाच्या एका घन मिलीमीटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. एक चिकटली की ती आणखी पट्टिकांना बोलावणारी रसायने सोडते. असे एक तात्पुरते बूच तयार होते. त्याच वेळी रक्तद्रवात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचे न विरघळणारे धागे बनतात. या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी पक्की होते.

या सगळ्याला काही मिनिटे लागतात. अडचण अशी, की रक्त वेगाने वाहत असेल तर जमू पाहणाऱ्या पट्टिका वाहून जातात. म्हणूनच जखमेवर दाब द्यायचा. त्वचेजवळच्या बारीक वाहिन्यांतला रक्ताचा दाब कमी असतो, आपल्या बोटांचा दाब त्याहून सहज जास्त भरतो. दाबामुळे प्रवाह थांबतो आणि बूच बसायला सवड मिळते. दाब रक्त अडवतो, पण ते कायमचे थांबवण्याचे काम रक्तच करते.

त्यामुळे कृती अशी. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवा आणि तळहाताने घट्ट दाबा. हातमोजे नसतील तर आपल्या हातात प्लॅस्टिकची स्वच्छ पिशवी घाला. जखमी हात छातीच्या वर उचलून धरा. घड्याळ लावून सलग दहा मिनिटे दाब सोडू नका. कापड भिजले तर ते न काढता वर दुसरे ठेवा. ‘थांबले का पाहू’ म्हणून दर मिनिटाला कापड उचलणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. प्रत्येक वेळी फायब्रिनचे कोवळे धागे कापडाबरोबर उपटले जातात आणि सगळी क्रिया पहिल्यापासून सुरू होते. एखाद्या मुलाला घड्याळ पाहायला बसवावे. वेळही नीट मोजला जातो आणि एक घाबरलेले मूल कामाला लागते.

कोपरातले गळू

दाबाऐवजी दुसरा उपाय केला तर काय होते, याचे एक गाजलेले उदाहरण आहे. १९९८ मध्ये व्हिक्टर याझिकोव्ह हा रशियन दर्यावर्दी एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शिडाच्या शर्यतीत उतरला होता. त्याच्या कोपराला झालेली दुखापत सुरुवातीला फार मोठी नव्हती. पण दक्षिण अटलांटिक महासागरात असताना तिथे गळू झाले आणि हात निकामी होऊ लागला. त्याने उपग्रहामार्फत अमेरिकेतील बॉस्टन शहरातले डॉक्टर डॅनियल कार्लिन यांना ई-मेल पाठवली. त्यांनी गळू फोडून पू कसा काढायचा, याच्या पायरीपायरीने सूचना लिहून पाठवल्या. नोव्हेंबर महिन्यात, हलत्या बोटीत, याझिकोव्हने स्वतःच ती शस्त्रक्रिया केली.

पू निघाला, पण रक्त थांबेना. तेव्हा त्याने दंडाला लवचिक दोरी करकचून बांधली. काही वेळाने हात थंड आणि पांढरा पडला. रक्त थांबवताना साऱ्या हाताचाच रक्तपुरवठा तोडला गेला होता. शिवाय दुखणे कमी व्हावे म्हणून तो ॲस्पिरिन घेत होता. डॉक्टरांचा सल्ला आला: दोरी सोडा, जखमेवर थेट दाब द्या, ॲस्पिरिन बंद करा. हात वाचला आणि तो केप टाऊनला पोहोचला.

या प्रसंगात दोन धडे आहेत. पहिला आवळपट्टीचा. हातापायाला करकचून दोरी बांधणे हा उपाय फक्त थेट दाबाने न थांबणाऱ्या, जिवावर बेतणाऱ्या रक्तस्रावासाठी आहे. कापलेल्या तळहातासाठी नाही.

दुसरा ॲस्पिरिनचा. पट्टिकांना एकमेकींना बोलावण्यासाठी जे रसायन लागते, ते तयार करणारे विकर ॲस्पिरिन कायमचे बंद करते. हे काम कसे चालते ते जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि या क्षेत्रातील संशोधनासाठी १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. पट्टिकेत केंद्रक नसते, त्यामुळे ती नवे विकर बनवू शकत नाही. तिचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे, तितके दिवस ती अपंगच राहते. म्हणून ताज्या जखमेच्या दुखण्यावर ॲस्पिरिन नको, पॅरासिटामॉल चालते. मुलांना तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ॲस्पिरिन कधीच देऊ नये.

धुवायचे कोणत्या पाण्याने?

रक्त थांबले की दुसरे काम सुरू होते. खिळ्याबरोबर माती, शेवाळ, लाकडाचा भुगा आणि असंख्य जिवाणू आत गेलेले असतात. पोषक वातावरणात काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. हे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. जखमेत एक हजार जिवाणू गेले आणि धुतल्याने हजारातला एकच उरला असे धरू. त्या एकाचे पुन्हा हजार व्हायला दहा वेळा दुप्पट व्हावे लागेल, म्हणजे २०० मिनिटे. एवढ्या वेळात रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखमेत जमू लागतात. शरीर ही काही प्रयोगशाळेतली बशी नव्हे, त्यामुळे हे आकडे तंतोतंत लागू पडणार नाहीत. पण मुद्दा कळतो: धुण्याने सगळे जिवाणू मरत नाहीत. धुण्याने पांढऱ्या पेशींना वेळ मिळतो.

मग पाणी कोणते? नावेतून हात खाली घालून नदीचे पाणी घेण्याचा मोह होतो. ते नको. नदीत गावांचे सांडपाणी आणि जनावरांचे मलमूत्र मिसळलेले असते. पाणी नितळ दिसले तरी जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. विशेषतः पुरानंतर उंदीर-घुशींच्या आणि गुराढोरांच्या मूत्रातून पाण्यात येणारे लेप्टोस्पायरा हे जिवाणू उघड्या जखमेतून शरीरात शिरतात. समुद्राचे खारे पाणी जखमेला चांगले, ही समजूतही खरी नाही. त्यातही जखम चिघळवणारे जिवाणू असतात. नियम सोपा आहे: जे पाणी आपण पिऊ, तेच जखमेवर ओतू. सहलीला नेलेले पिण्याचे पाणी पुरेसे आहे. वेगळे औषधी पाणी लागत नाही.

पाणी ओतण्याची रीतही महत्त्वाची. यासाठी पुढील प्रयोग जरूर करावा. घुग्घुसमध्ये त्याचे साहित्य शोधावे लागणार नाही.

एका बटाट्याचे तीन तुकडे करा. प्रत्येकाच्या कापलेल्या बाजूवर टोकदार काडीने सारख्या खोलीच्या चिरा पाडा आणि त्यांत कोळशाची भुकटी चोळा. पहिला तुकडा वाटीभर पाण्यात बुडवून हलवा. दुसरा ओल्या कापडाने पुसा. तिसऱ्यासाठी प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला तापलेल्या सुईने भोक पाडा आणि बाटली दाबून पाण्याची धार चिरांवर सोडा. मग भिंगातून पाहा. वाटीतले पाणी काळे होते आणि तीच काळी भुकटी पुन्हा चिरेत जाते. कापडाने वरची भुकटी जाते, पण चिरेतली आणखी आत ढकलली जाते. धार मात्र भुकटी उचलून बाहेर नेते. अर्धा-एक लिटर पाण्याची अशी धार हेच छोट्या जखमेचे मुख्य औषध. धुताना थोडे रक्त पुन्हा आले तर पुन्हा दाबावे. रक्त जोरात असेल तर धुण्याच्या मागे न लागता दाब धरूनच काठ गाठावा.

कोळसा न धुतलेल्या जखमेचे काय होते, हे खाणींच्या गावात डोळ्यांनी पाहता येते. जगभरच्या कोळसा खाणकामगारांच्या हातांवर, कपाळावर निळसर व्रण आढळतात. जखम भरताना आत राहिलेली भुकटी त्वचेखाली कायमची बंद होते आणि गोंदल्यासारखी दिसते. अंगावरचे गोंदण होते तेही याच तत्त्वाने.

हळद, चुना आणि तंबाखू

काठावर येताच सल्ले सुरू होतात. कोणी हळद काढतो, कोणी चुना-तंबाखू, कोणी चहाची पूड, कोणी रॉकेल. चुना हा तीव्र अल्कली आहे, तो जिवंत पेशी भाजतो. रॉकेलही त्वचेला इजा करते. माती, राख, तंबाखू यांबरोबर नवे जिवाणू आत जातात.

हळदीचा प्रश्न थोडा वेगळा. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ही अभिमानाची गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि सांगावीच. पण त्या निकालात सिद्ध काय झाले? हा उपयोग नवा नाही, भारतात तो पूर्वीपासून माहीत आहे, इतकेच. डब्यातली हळद ताज्या जखमेत कोंबावी, असे त्यातून सिद्ध होत नाही. हळदीतल्या कुर्क्युमिनचा जिवाणूंवर परिणाम होतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण स्वयंपाकघरातली भुकटी निर्जंतुक नसते आणि जखमेत बसली की धुऊन निघत नाही. शिवाय पिवळ्या रंगाखाली लाली वाढते आहे की नाही, तेही दिसत नाही. ‘जुने आहे’ आणि ‘गुणकारी आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दोन्हींसाठी वेगळा पुरावा लागतो.

गंजाला दोष नको

खिळा म्हटला की धनुर्वात आठवतो आणि ‘गंजलेला होता का?’ असे विचारले जाते. धनुर्वात गंजामुळे होत नाही. क्लॉस्ट्रिडियम टेटानी या जिवाणूचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. ते इतके चिवट, की काही मिनिटे उकळल्यानेही मरत नाहीत. हा जिवाणू हवेतल्या ऑक्सिजनमध्ये वाढत नाही. खिळा टोचल्याची जखम अरुंद आणि खोल असते, तिथे हवा पोहोचत नाही, म्हणून ती धोक्याची. चकचकीत नवा खिळाही मातीने माखलेला असेल तर तितकाच वाईट.

रोगाची लक्षणे सहसा ३ ते २१ दिवसांत दिसतात, तोवर जखम भरूनही गेलेली असते. त्यामुळे खरा बचाव लशीचाच. बालपणीच्या मात्रांनंतर १० व्या आणि १६ व्या वर्षी मुलांना टीडी ही धनुर्वात आणि घटसर्प यांवरची लस मिळते. जखम मळकी किंवा खोल असेल आणि शेवटच्या मात्रेला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर पुन्हा मात्रा घ्यावी लागते. स्वच्छ छोट्या जखमेसाठी हा काळ दहा वर्षे धरतात. लहानपणीच्या मात्रा पूर्ण झाल्या नसतील, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

माशाचा काटा

मासे धरणाऱ्यांना होणारी आणखी एक इजा म्हणजे काट्याची. शिंगीसारख्या मिशीवाल्या माशाच्या परांजवळचा काटा टोचला, की जखम टाचणीएवढी पण ठणका असह्य असतो. हा ठणका विषाचा आहे. असे विष बहुतांशी प्रथिनांचे असते आणि उष्णतेने प्रथिनांची रचना मोडते, जसे अंडे उकडल्यावर. म्हणून काठावर आल्यावर टोचलेला भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवतात. पाणी ४५ अंश सेल्सियसच्या वर नको आणि ते दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने तपासावे. ठणक्यापुढे भाजल्याचे कळत नाही. काटा आत तुटून राहिला असेल तर डॉक्टरांकडेच जावे.

जखम भरते म्हणजे काय?

खपली धरली की काम संपले असे वाटते, पण आत ते तेव्हा सुरू होते. काही पेशी कोलॅजेन या प्रथिनाचे धागे विणून जखमेच्या कडा जोडतात. हे धागे तीन पदरांच्या पिळाच्या दोरासारखे असतात आणि पीळ पक्का बसायला क जीवनसत्त्व लागते.

ते न मिळाल्यास काय होते, हे जुन्या समुद्रप्रवासांनी दाखवले. १७४० मध्ये निघालेल्या जॉर्ज ॲन्सन यांच्या इंग्लिश ताफ्यात ताज्या फळभाज्यांअभावी स्कर्व्हीने थैमान घातले. त्यातल्या एका म्हाताऱ्या सैनिकाला १६९० च्या बॉयनच्या लढाईत जखमा झाल्या होत्या. पन्नास वर्षे भरलेल्या त्या जखमा जहाजावर पुन्हा उघडल्या, अशी नोंद त्या सफरीच्या वृत्तान्तात आहे. याचा अर्थ, जुन्या व्रणातले कोलॅजेनही सतत झिजते आणि नव्याने विणले जाते. आपल्या जंगलभागात आवळा, बांधावर पेरू आणि घरात लिंबू आहे. जखमेवर लावण्यापेक्षा ते पोटात गेलेले बरे.

पुढचे तीन दिवस

धुतलेली जखम कोरडी करून स्वच्छ पट्टीने झाकावी. पट्टी ओली झाली की बदलावी. पट्टी असेपर्यंत नदीत, तळ्यात उतरू नये. जखमेभोवती थोडी लाली, सूज आणि दुखणे पहिल्या दिवशी असतेच. तिथे रक्त आणि पांढऱ्या पेशी जमल्याची ती खूण. ही लक्षणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओसरावीत. ती वाढत असतील, तर पेनने लालीची कड आखून ठेवावी. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली, पू आला, ताप आला किंवा जखमेपासून वर जाणारी लाल रेघ दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यात जखम भिजली असेल आणि नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे अशी लक्षणे आली, तर ‘जखम पाण्यात भिजली होती’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिस वेळेवर ओळखला तर औषधांनी बरा होतो.

काही जखमा मात्र छोट्या दिसल्या तरी थेट डॉक्टरांच्याच: दहा-पंधरा मिनिटांच्या दाबाने न थांबणारी, कडा उघड्या राहणारी, सांध्यावरची, जिच्यापुढचे बोट वळत नाही किंवा बधिर झाले आहे अशी, आणि प्राण्याने चावलेली.

सहलीच्या पिशवीत

स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेले सुती कापड किंवा निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, रोल बँडेज, कात्री, चिमटा, हातमोजे किंवा स्वच्छ पिशव्या, पॅरासिटामॉल, पिण्याव्यतिरिक्त दोन लिटर जास्तीचे पाणी आणि भोक पाडलेले एक झाकण. हे सारे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद असावे. नावेत सर्वांत आधी भिजते ती औषधांची पेटी.

या यादीत एक कागदही असावा. सहलीला येणाऱ्या प्रत्येक मुलाने धनुर्वाताची शेवटची लस केव्हा घेतली, हे घरी विचारून त्यावर लिहावे. शिक्षकांनी आणि नावाड्यानेही आपापली तारीख लिहावी. मोठ्या माणसांच्या रकान्यांत बहुधा ‘आठवत नाही’ असेच येईल. ते रकाने भरण्याची व्यवस्था सहलीच्या आधी करता येते.